रोगाचंही गणगोत असतं

रान कधी आजारी पडत नाही, असं आपल्याकडे थोरामोठ्यांच्या तोंडीही ऐकू येतं. फवारणी शेताला लागते, द्राक्षबागेला लागते. रानाला कोण फवारतं? तरी ते हिरवंगार असतं. पण लेकरांनो, हे काही खरं नाही. रान सदा आजारी असतं. फक्त ते सगळंच्या सगळं एकदम आजारी पडत नाही. असं का, तेच आज सांगतो.

भादव्यात आपल्या अणदूरच्या कुठल्याही बांधावर जा आणि काटेमाठाचं एखादं झाड गाठा. काटे तेवढे सांभाळा. पानावर फिकट पिवळे ठिपके दिसतील. आता पान उलटं करा. प्रत्येक ठिपक्याच्या मागे एक पांढरा फोड असतो, मोहरीच्या दाण्याहून लहान, दुधाळ, चकचकीत. नखाने दाबला की फुटतो आणि बोटाला पिठूळ पूड लागते. हा पांढरा तांबेरा. त्या चिमूटभर पुडीत रोगाची बिजं असतात, म्हणजे बीजाणू, इतके की मोजणारा थकेल. गणपतीसाठी दूर्वा खुडता ना? तेव्हा हरळीच्या तुऱ्यांकडेही बघा. एखादा तुरा काळाठिक्कर असतो, हात लावला की काजळी लागते. ज्वारीवर काणी पडते, तिच्या नात्यातलीच ही बुरशी.

आता त्या आजारी काटेमाठाच्या शेजारचं झाड बघा. पानाला पान लागतंय, दव तेच, माती तीच. आणि ते बऱ्याचदा स्वच्छ असतं.

“त्याला औषध कोण देतं, आबा?”

कुणी नाही. एखादं झाड वयाने लहान असतं, एखाद्याच्या पानावर दव लवकर सुकतं, अशी कारणं असतातच. पण एक मोठं कारण बियाण्यातूनच येतं, आणि ते ज्या झाडावर सापडलं ते आपल्या घरातलंच आहे. जवस. भाकरीबरोबर ज्याची चटणी खाता ते. रब्बीत त्याला निळी फुलं येतात आणि एखाद्या साली पानांवर, खोडावर नारिंगी फोड येतात. तो जवसाचा तांबेरा.

अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यात जवसाची मोठी शेती होती आणि तांबेऱ्याने ती वरचेवर बुडत होती. तिथे फार्गो गावी हॅरॉल्ड फ्लोर नावाचा शास्त्रज्ञ 1930 च्या दशकात या रोगाच्या मागे लागला. त्याच्याकडे जवसाची दोन वाणं होती. एकाचं नाव ‘ओटावा’ आणि दुसऱ्याचं नाव, ऐका, ‘बॉम्बे’! त्या काळी आपल्याकडचं जवस मुंबई बंदरातून बोटी भरभरून परदेशी जात असे. तर आपल्या मुंबईचं नाव मिरवणारं हे वाण फ्लोरच्या काचघरात उभं होतं. तांबेऱ्याच्याही दोन जाती त्याने निवडल्या. एक ओटावाला खाऊन टाकी, पण बॉम्बेपुढे तिचं काही चालत नसे. दुसरीचं नेमकं उलटं.

फ्लोरने काय केलं? ओटावा आणि बॉम्बेचा संकर केला. यात नवल काही नाही, ते बियाणेवालेही करतात. नवल पुढेच आहे. त्याने रोगाचाही संकर केला.

“रोगाचा? कसा?”

जवसाचा तांबेरा आपला सगळा जन्म जवसावरच काढतो. त्या जन्मात एक वेळ अशी येते की पानावर बारीक पुळ्या उठतात आणि त्यांतून मधासारखा चिकट थेंब पाझरतो. एका जातीच्या पुळीतला थेंब उचलायचा आणि दुसऱ्या जातीच्या पुळीवर ठेवायचा, की झालं लग्न. पुढे त्यांची पोरं, मग नातवंडं. फ्लोरने त्या नातवंडांची एकेक करून परीक्षा घेतली. 1940 च्या दशकात त्याने जे आकडे छापले, ते आजही कृषी महाविद्यालयात शिकवतात. जवसाची 194 नातवंडं होती. त्यांतली 110 दोन्ही तांबेऱ्यांना पुरून उरली, 75 एकाला पुरली पण दुसऱ्याला बळी पडली, आणि 9 जण दोन्हींना बळी पडली. रोगाची नातवंडं 133. त्यांतल्या फक्त 5 जणांना दोन्ही वाणं मारता आली. 50 जणांना एकेकच, आणि उरलेल्या 78 जणांना कुठलंच नाही.

या आकड्यांतून फ्लोरने ओळखलं, की जवसाच्या प्रत्येक बचावाच्या जनुकाला जोडीचं एक जनुक तांबेऱ्यात असतं. दोन्हींचा हिशेब जोडीने चालतो. पण मला विचाराल तर खरी मौज त्या पाचांत आहे. दोन्ही वाणं मारणारे इतके थोडे का निघाले?

घरफोडी करायला निघालेला चोर डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे पहार आहे, दोर आहे, कानस आहे. दारात राखणदार बसलाय, पण त्याला एकच वस्तू ओळखता येते. समजा, पहार. पहार दिसली की तो बोंब ठोकतो आणि चोर जागीच पकडला जातो. झाडात अगदी असंच घडतं. तांबेरा पानात शिरताना काही प्रथिनं सोडतो, झाडाला दुबळं करणारी. ती त्याची हत्यारं. झाडाचा राखणदार त्यातलं एखादं प्रथिन ओळखतो आणि मग जिथे तांबेऱ्याने पाय ठेवला तेवढ्या पेशी झाड स्वतःच मारून टाकतं. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागतात, मेलेल्या पेशीत तो उपाशी मरतो. पानावर सुईच्या टोकाएवढा तपकिरी डाग उरतो, बस.

मग चोराने काय करावं? पहार घरी ठेवून यावं, किंवा तिचं रूप असं पालटावं की ओळखू येऊ नये. रोगाची नवी जात म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. तिला नवी शक्ती मिळालेली नसते, ओळख पटवून देणारी वस्तू तिने टाकलेली किंवा बदललेली असते. त्या वस्तूची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच राखणदार चुकतो, एक जरी जुनी राहिली तरी बोंब होते. फ्लोरच्या 133 नातवंडांत दोन्ही वाणांच्या बाबतीत असं जमलेले पाचच होते.

“मग जो चोर सगळंच घरी ठेवून येईल, त्याला कुणीच पकडणार नाही!”

बरोब्बर. पण तो आत जाऊन करणार काय?

आता आपण ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथल्या बर्फाच्या डोंगरांत, कॉझ्युस्को राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, जवसाचा एक रानटी भाऊ उगवतो. त्याला कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही. त्याच्यावरही तोच तांबेरा येतो. जेरेमी बर्डन आणि पीटर थ्रॉल हे दोन शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्या माळांवर जात राहिले. इथलं जवस, तिथलं जवस, इथला तांबेरा, तिथला तांबेरा, सगळं गोळा करून एकमेकांवर लावून बघितलं. 2003 साली त्यांनी जे छापलं ते मला फार मोलाचं वाटतं. ज्या माळावर जवसाकडे नाना तऱ्हेचे राखणदार होते, तिथला तांबेराही पुष्कळ राखणदार चुकवणारा होता. जिथे राखणदार थोडे, तिथला तांबेरा साधा. पण पुष्कळ राखणदार चुकवणारा तांबेरा बीजाणू कमी तयार करी, आणि साधा तांबेरा भरभरून.

म्हणजे हत्यार घरी ठेवण्याची किंमत मोजावी लागते. जिथे पहार ओळखणाराच कुणी नाही, तिथे पहार घेऊन आलेला चोर झपाट्याने घरं फोडतो आणि हात हलवत आलेला मागे पडतो. जिथे घरोघरी पहारेकरी जागे, तिथे उलट. एक जात सगळीकडे जिंकेल अशी सोयच नाही. म्हणून साधा तांबेराही टिकतो आणि चलाखही, आणि दोघांच्या मधले कितीतरी.

झाडांच्या बाजूनेही हेच चालतं. समजा, एका माळावर एका प्रकारच्या राखणदाराची झाडं फार झाली. त्यांना चुकवणारी रोगाची जात तिथे माजणार, कारण तिला दारोदार खायला मिळतं. मग ती झाडं घटतात. तोवर कोपऱ्यात दुसऱ्याच राखणदाराची चार झाडं गुमान उभी असतात. ती विरळ असल्यामुळे त्यांना चुकवायला कुठला तांबेरा अजून शिकलेला नसतो. त्यांचं बी जास्त पडतं आणि ती वाढतात. वाढली की त्यांचीही पाळी येते. रानात विरळ असणं हाच एक बचाव आहे. जो फार झाला, तो नजरेत भरला. त्यामुळे विरळ झाड सहसा पुरतं संपत नाही, आणि ते आहे म्हणून त्याच्या जोगता रोगही कुठे ना कुठे तग धरतो.

पण एवढ्यानेच सगळं उलगडत नाही. नशिबाचाही भाग मोठा आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या उंच माळांवर हिवाळ्यात बर्फ पडतं. जवस जमिनीपर्यंत वाळतं, एखादाच कोंब जिवंत राहतो. तांबेऱ्याला जिवंत हिरवं पान लागतं, म्हणून त्या थोड्याशा कोंबांवर जो असेल तोच वाचतो. तो सगळ्यांत हुशार असेल असं काही नाही, योग्य कोंबावर होता इतकंच. वसंतात त्याच्यापासून पुन्हा सुरुवात. या माळावर एक जात वाचली, पलीकडच्या माळावर दुसरी. प्रत्येक माळाचे पत्ते दर हिवाळ्यात नव्याने पिसले जातात.

ही माळामाळाची गोष्ट सगळ्यांत बारकाईने कुणी पाहिली असेल, तर फिनलंडच्या ऑलंड बेटांवर. तिथे इसबगोलाच्या कुळातलं एक रानगवती झाड आहे. आपण पोट बिघडल्यावर ज्याचा भुसा दह्यात घालून घेतो, त्या इसबगोलाचं ते भावकीतलं. त्याच्यावर भुरी येते, आपल्याकडे द्राक्षाच्या पानावर पीठ शिंपडल्यासारखी दिसते ना, तशी. इल्का हान्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या अभ्यासासाठी तिथली कुरणं मोजायला घेतली होती. जवळजवळ 4,000 कुरणं! पुढे ॲना-लिसा लाइन या संशोधक बाईंनी तीच कुरणं भुरीसाठी दरवर्षी तपासायचा परिपाठ ठेवला. दर शरद ऋतूत पोरंपोरी बेटावर पसरतात आणि कुरणाकुरणात वाकून पानं बघतात.

त्यांना काय दिसलं? भुरी एका जागी टिकून राहतच नाही. यंदा या कुरणात आहे, पुढच्या साली मेली. तिकडे कधीच नव्हती, तिथे वाऱ्याने गेली आणि रुजली. कोणत्याही एका वर्षी बहुतेक कुरणं भुरीवाचून असतात, पण बेटांवरून ती कधी नाहीशी होत नाही. एकाच कुरणाकडे बघत बसलात तर वाटेल, रोग संपला. चार हजारांकडे बघितलं तरच कळतं की तो चालता-फिरता आहे. आणि जिथे दोन वेगळ्या जाती एकाच झाडावर येऊन ठेपतात, तिथे त्यांची गाठ पडून नवी संतती निपजते. हिवाळ्याआधी भुरी बारीक काळ्या बंद कुप्या तयार करते. त्यांत ती नवी संतती थंडी काढते.

आता एक प्रश्न. जी कुरणं एकमेकांना खेटून आहेत, तिथे रोग जास्त असेल की जी दूर एकटी आहेत तिथे?

“खेटून असलेल्या! रोग पटकन पसरणार.”

भल्याभल्यांनाही हेच वाटलं होतं. 2014 साली उत्तर छापून आलं ते उलटं. खेटून असलेल्या कुरणांत भुरी कमी होती. कारण जिथून रोगाचे बीजाणू येतात तिथून झाडांचे परागकणही येतात, बीही येतं. त्याबरोबर नव्या तऱ्हेचे राखणदार येतात. एकट्या पडलेल्या कुरणाला बाहेरून कुणी काही देत नाही. रोग कधीतरी येतो आणि आला की झोडपून काढतो.

आपल्याकडे असला चालता-फिरता रोग नाही का? आहे की. गव्हाचा तांबेरा. मे महिन्यात आपल्या धाराशिव जिल्ह्याचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. त्या उन्हात मैदानावरचा तांबेरा मरून जातो. मग हिवाळ्यात गहू पेरला की तो येतो कुठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी उभी हयात घालवून याचा शोध लावला. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत तो उन्हाळा काढतो आणि तिथून वाऱ्यावर स्वार होऊन पुन्हा खाली उतरतो. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे, ते उगीच नाही. आपल्या मराठी मुलखात तांबेऱ्यावर नजर ठेवायला ती थंड जागा बरी.

आता बाजरीकडे येतो, कारण ही गोष्ट रानातून थेट आपल्या ताटात येते.

गावरान बाजरी मुळात पुष्कळशी रानासारखीच. एका ताटाच्या कणसावर दुसऱ्या ताटाचे परागकण पडतात, त्यामुळे शेतात दोन ताटं सख्ख्या भावंडांइतकी सारखी सापडणं कठीण. तिच्यावर केवडा येई. सकाळी पानाच्या खाली पांढरी लव दिसे, आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका फुटे. जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखा, म्हणून शेतकरी या रोगालाच गोसावी म्हणतात. पण दोन-चार ताटं जात, शेत जात नसे. केवड्याला रात्री पानावर फुटणारे बीजाणू असतात आणि शिवाय नर-मादीच्या मिलनातून तयार होणारे जाड कवचाचे बीजाणूही असतात. ते जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पाऊस पडला, बाजरी उगवली, की जुन्या वर्षांच्या जातीही जाग्या होतात. मातीच त्यांचं कोठार.

1965 साली एचबी-1 हा संकरित वाण आला. त्याची आई अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, टिफ्ट 23-ए नावाची. उत्पन्न असं की लोक बघत राहिले. पाठोपाठ एचबी-3 सारखे वाण आले, आई तीच. शिवारंच्या शिवारं एका आईच्या लेकरांनी भरली. ज्यांनी ते बी पेरलं त्यांना नावं ठेवू नका. अन्नाची टंचाई होती, घरात खाणारी तोंडं होती, आणि दाणा भरपूर मिळत होता. पण आता लाखो एकरांवर राखणदार एकच होता. मातीच्या कोठारातल्या ज्या जातीला तो चुकवता आला, तिला मोकळं रान मिळालं. 1971 च्या खरिपात देशभर बाजरीवर केवड्याची मोठी साथ आली आणि कणसांच्या जागी झुपके उभे राहिले.

आपल्या दारावरून जो हैदराबादचा हायवे जातो ना, तो उमरग्यावरून, जहिराबादवरून पुढे पटणचेरूला पोचतो. त्याच रस्त्याच्या कडेला 1972 साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, इक्रिसॅट. तिथल्या लोकांनी केवड्याशी कसं वागायचं ठरवलं, ते ऐका. त्यांनी मुद्दाम रोगाचं शेत केलं. लवकर आजारी पडणारी बाजरी आधी ओळीने पेरायची. तिच्यावर केवडा चांगला माजू द्यायचा. मग मधल्या ओळींत नवी वाणं लावायची आणि रात्री हवेत ओलावा ठेवायचा, म्हणजे प्रत्येक रोपाची पुरती परीक्षा होते. जे इथे तगलं, तेच पुढे गेलं. 2005 साली हरियाणातल्या ‘एचएचबी 67’ या वाणाची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात केवड्याला अडवणारी जनुकं नेमकी हेरून बसवली होती.

पण एका गावच्या रोगापुढे तगलेलं वाण दुसऱ्या गावी पडतं, हेही त्यांना दिसलं. जालन्याचा केवडा वेगळा, जोधपूरचा वेगळा, पटणचेरूचा स्वतःचा वेगळा.

“मग प्रत्येक गावचा रोग ते कुठे ठेवतात? बाटलीत?”

बाटलीत तो जगत नाही, बाळा. त्याला जिवंत बाजरीच लागते. म्हणून प्रत्येक गावच्या केवड्याला वेगळी पारदर्शक पेटी असते आणि तिच्यात बाजरीची कोवळी रोपं. एका पेटीतला बीजाणू दुसरीत जाऊ द्यायचा नाही. रोपं थकली की नवी लावायची आणि रोग जुन्यावरून नव्यावर उतरवून घ्यायचा. जालन्याच्या मातीतला केवडा तिथे जपलेला असतो. नवं वाण शेतकऱ्याकडे पाठवण्याआधी त्याला ते एकेका पेटीतल्या रोगापुढे उभं करून बघतात.